भावांनी वाटून घेतलेले खंड

मिरजगाव अजून बरंच लांब होतं. लढाईमुळे पेट्रोल नाही म्हणून मोटार बंद, तेव्हा कर्जतहून आम्ही पायीच निघालो होतो. ऊन चढत होतं आणि दीनाबाईंचा राग उन्हाच्या पुढं चालला होता. त्यांच्या डोक्यावर गाठोडं. मी म्हटलं, "बाई, थोडा वेळ माझ्याकडे द्या."

"नको. मान दुखली की भावांची आठवण राहते."

गाठोड्यात मिशनच्या जुन्या साप्ताहिकाचे बांधीव खंड होते. खरं म्हणजे अर्धे खंड. दर वर्षाचे जानेवारी ते जून. जुलै ते डिसेंबर मिरजगावला, त्यांच्या धाकट्या भावाकडे, विल्सनकडे. ते आणायलाच चाललो होतो.

"म्हैस कापून वाटली असती तर मी समजले असते," त्या म्हणाल्या. "मटण खाता तरी येतं. पुस्तक कापून कुणाचं पोट भरलं गं?"

दीनाबाई भिंगारदिवे आमच्या शाळेत थोरल्या बाई होत्या; मी त्यांच्या हाताखाली पहिलीला शिकवत असे. आता त्या नाहीत. आमच्या मंडळीत एखादी बाई वारली की ती फार सोशिक होती असं म्हणायची रीत आहे. त्यांच्या दफनाच्या वेळीही पाळकसाहेब तेच म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. पण ते खरं नव्हतं. दीनाबाई सोशिक नव्हत्या, आणि ते कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे.

त्यांचे वडील दानीएलबाबा उपदेशक होते, खेडोपाडी फिरायचे. साप्ताहिक टपालानं यायचं. नाताळ उरकला की बाबा वर्षाचे अंक क्रमानं लावून स्वतः शिवायला बसत. किडा लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, पाठीला बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी लावत. दोरा ताणून धरायचं काम दीनाबाईंचं. वाचायलाही त्या त्याच अंकांवर शिकल्या. एका वर्षी बाबांनी आपल्या फिरतीची हकिकत लिहिली आणि ती मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत दर आठवड्याला छापून आली. बाबांचं लिहिलेलं असं तेवढंच. बाकी सगळं त्यांनी बोलून संपवलं होतं.

बाबा गेल्यावर वाटणीला पंच बसले. जमीन झाली, बैल झाले, बांधावरचा आंबा झाला. मग कुणीतरी फळीवरच्या खंडांकडे बोट केलं. वर्षं वाटून घ्या म्हणाले, तर बाबांच्या हकिकतीचं वर्ष दोघांपैकी एकही सोडेना. मग समान करा, असं पंचांनी ठरवलं. थोरला याकोब उठला, शेजारच्या चांभाराची रापी मागून आणली आणि एकेक खंड पाठीत चिरला. पहिली सहामाही थोरल्याची, दुसरी धाकट्याची. दीनाबाई आत पंचांसाठी भाकरी थापत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. मुलीला वाटणी नव्हतीच.

"प्रार्थना करून बसले होते बरं का सगळे," त्या मला सांगत. "प्रार्थना केली आणि मग कापलं."

पुढं नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, शाळेत नोकरी लागली. आणि जुने खंड गोळा करायचं त्यांनी जे मनावर घेतलं ते सोडलं नाही. कोपरगावापर्यंत जाऊन आल्या. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या पिठाच्या डब्याखालून खंड काढायच्या. कुणाला चोळी शिवून द्यायच्या, कुणाच्या मुलीला वाचायला शिकवायच्या आणि त्या बदल्यात खंड मागायच्या. त्यांच्या खोलीत खाटेखाली खंड, खाटेवर खंड, त्या स्वतः जमिनीवर निजत. बाबांच्या हकिकतीचं साल मात्र कुठं मिळेना. एका घरी सापडलं, तर वाळवीनं आरपार खाल्लेलं. भावांच्या दारात जाण्यावाचून उपाय राहिला नाही.

याकोब कर्जतलाच राहायचा, पण बोलणं तुटलेलं. आदल्या दिवशी त्याच्या ओट्यावर आम्ही जाऊन बसलो.

"देतो," तो म्हणाला, "पन विल्सनच्या हाती जाता कामा न्हाई."

"मला दे म्हणतेय मी."

"तू काय करनार?"

"वाचीन. तू वाचलंस का रे कधी?"

याकोबच्या बायकोनं ताट आणलं, ते बाईंनी सरकवून दिलं. "आधी खंड, मग भाकरी." तेव्हा कुठं त्यानं माळ्यावरून ते उतरवले आणि आमच्यापुढं टाकले. पाठीवरचा रापीचा घाव तसाच दिसत होता.

मिरजगावच्या बाजारात विल्सनचं किराणा दुकान होतं. आम्ही पोचलो तेव्हा जहिराबी म्हणून एक म्हातारी हळदीची पुडी घेऊन वळत होती. दीनाबाईंनी पुडीकडे पाहिलं आणि गाठोडं धाडकन खाली ठेवलं.

"चाची, जरा द्या इकडं."

"अगं, माझी हळद!"

"हळद तुमचीच आहे. पदर धरा." त्यांनी हळद तिच्या पदरात ओतली आणि कागद गुडघ्यावर सरळ केला. साप्ताहिकाचं पान होतं.

"अक्का, गिऱ्हाइकाम्होरं तमाशा करू नगंस," विल्सन म्हणाला.

"तमाशा तू मांडलायस. बाकीचे कुठं आहेत?"

"लढाई चालू हाय. रद्दी मिळती कुठं? घरात पडून हुतं ते वापारलं."

"बाबांचा हात लागलाय त्याला."

"बाबाचा हात घराच्या भितींलाबी लागलाय. भित काय डोक्यावर घिऊन फिरू?"

"ऑगस्ट कुठाय, विल्सन? नुसता जुलै-ऑगस्ट दे. बाकीचं घाल चुलीत."

त्यानं मागून एक पोतं ओढून आणलं. आत पुठ्ठे, दोरे आणि लुगड्याच्या पट्ट्या. पान एकही नाही.

"याकोबनं एकदा तरी मागायला पायजे हुतं," तो म्हणाला. "ठिवलं असतं मी."

"मी मागत होते. दर नाताळाला पत्र घालून मागत होते."

"तुजी वाटनी कुठं हुती त्यात, अक्का?"

हे तो टोचून बोलला नाही. साधं, भाव सांगावा तसं बोलला. मला अजून त्याच वाक्याचा राग येतो. रापीचा येत नाही इतका येतो. कारण त्या दुकानात आणि आमच्या सगळ्या मंडळीत हे वाक्य चुकीचं आहे असं म्हणणारा पुरुष मला दाखवता येत नाही.

जहिराबी तेवढ्यात घरी जाऊन आली होती. तिच्या चुलीपाशी पडलेले दोनचार चुरगळलेले कागद तिनं दीनाबाईंच्या हातात दिले. ऑक्टोबरचे निघाले. बाईंनी तिला हात जोडले. भावाकडे न बघता पुठ्ठे उचलले आणि चालू लागल्या.

गावाबाहेर लिंबाखाली आम्ही टेकलो. त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडल्या नाहीत. बाबांच्या सालाचा जून काढून शेवटचं पान बघत बसल्या. खाली छापलं होतं, पुढे चालू.

मी म्हटलं, "बाई, प्रार्थना करू या का?"

"कर. पण माझा राग जावा असं मागू नकोस. एवढं एकच माझ्या वाटणीला आलंय."

मी मनातल्या मनात केली. मग म्हणाले, "तुम्हाला हकिकत आठवत असेल. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

"नाही. बाबांच्या जागी माझं बोलणं घालून ह्या दोघांनी केलेलं झाकायचं का मी?" त्यांनी पुठ्ठा जूनच्या पानांना लावून बघितला. मध्ये, गेलेल्या पानांच्या जागी, बोटं मावतील एवढी फट राहत होती. "ऐक मेरी. मला आता टाका दिसत नाही, तू शीव. कोरा कागद मी कुठूनही आणीन. जुलै ते डिसेंबर कोरी पानं घाल, दर खंडात, बाबांची होती तेवढ्याच जाडीची. ज्यानं कुणी जून उलटला त्याला पुढचं कोरं दिसू दे. शिवशील का?"