जाळ्यात आलेले देव

वेसाव्याच्या किनाऱ्यावर मला आजवर काय काय सापडलंय ते सांगायला बसले की पाहुणे उठत नाहीत. एक हेल्मेट, आतून बाहेरून कालवं चिकटलेलं. एक कवळी, वरची. संडासाचं झाकण. बाहुलीचे हात वेगळे, पाय वेगळे. चपला तर इतक्या की एखाद्या लग्नाचं वऱ्हाड समुद्रात उतरलं असावं, पण जोड म्हणून एकही नाही. एकदा अख्खा फ्रीज आला होता, आणि भाजीच्या कप्प्यात खेकडा बसलेला. लोक हसतात, मग हळहळतात, मग मी त्यांना दोन शब्द सुनावते. मला सुनावायला आवडतं. शाळेत बत्तीस वर्षं परिसर अभ्यास शिकवला, निवृत्त झाले तरी जीभ कुठे निवृत्त होते? दर रविवारी हातमोजे घालून किनाऱ्यावर जायचं, वाकून वाकून कंबर धरेपर्यंत प्लास्टिक वेचायचं आणि घरी आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायचे. खाली एक ओळ: ‘हे कुणी टाकलं?’

ही एक गोष्ट मात्र मी त्या पाहुण्यांना कधी सांगितलेली नाही. नवऱ्यालाही अर्धीच सांगितली आहे.

आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये वेसाव्याची एक कोळीण मासे घेऊन येते. माझ्याच वयाची. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून येते, म्हणजे वीस-बावीस वर्षं झाली. मी शिक्षिका म्हणून ती मला बाई म्हणते, पण बोलते अगंतुगंच, आणि मीही. दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारासमोर पाटी उतरवायची, पाणी मागायचं आणि मग भांडायला सुरुवात करायची, असा आमचा रिवाज. मी बोंबलांना नावं ठेवायची, तिने माझ्या माशाच्या मालवणी तिखल्याला. नवरा आणि मुलगा बोटीवर, ही विकणार. माझी मुलगी बाळंत झाली तेव्हा तिने आठ दिवस रोज ताजी मांदेली आणून दिली होती, न सांगता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही घराचं काम काढलं. स्वयंपाकघराला नवीन फरशा बसवल्या, हिरवट, मधे पांढरं फूल. काम चालू होतं तेव्हा ती जिन्यातल्या गोण्यांना अडखळून कंत्राटदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. उरलेल्या फरशा बघून म्हणाली, “बाई, चुलीच्या मागं लावायला दे ना गो चार.” मी सहा दिल्या. तुटक्या राहिल्या, त्या गॅलरीत पडून होत्या.

मग आला देवांचा प्रश्न. नवीन देवघर पांढरंशुभ्र आणि एवढंसं, आणि आमचे देव म्हणजे मोठं खटलं. सासूबाईंचे, माझे, यात्रांतून आणलेले, लोकांनी आहेरात दिलेले. त्यात माझ्या वडिलांची देवी होती, आमच्या कोकणातल्या गावची. वडील गिरणीत होते. गावच्या मुंबई मंडळाने कधीतरी सभासदांना तिचा फोटो वाटला होता, प्लास्टिकच्या सोनेरी चौकटीतला. बाजारात मिळणारा नव्हे. अदलाबदल होऊ नये म्हणून वडिलांनी मागे निळ्या शाईने चाळीतल्या खोलीचा नंबर लिहून ठेवला होता. काचेच्या आत ओल शिरून देवीच्या चेहऱ्यावर बुरशी आली होती. नवरा म्हणाला, माळ्यावर ठेव. मी म्हटलं, माळ्यावर आधीच जागा नाही, आणि बुरशी धरलेले देव घरात ठेवू नयेत. असं कुठे लिहिलंय ते मला माहीत नाही. पांढऱ्या देवघरात ती चौकट शोभत नव्हती, एवढंच खरं होतं.

आता देव काही कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाहीत. भंगारवाल्याला द्यायचे तर हातच होत नाही. आमच्याकडे अशा वेळी एकच उत्तर असतं: समुद्र. निर्माल्य, फुटकी मूर्ती, तडा गेलेली समई, जे पायाखाली यायला नको ते सगळं समुद्रात. आई निर्माल्य परडीत नेऊन सोडायची, मी दुधाच्या पिशवीत नेते, कारण परडी आता कोण ठेवतं? हे टाकणं नव्हे, हे विसर्जन, असं मी बत्तीस वर्षं पोरांना प्लास्टिकचे धडे शिकवत असतानाही मानत होते. दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

तर मी बासमती तांदळाची दहा किलोची पिशवी घेतली. त्यात सात-आठ तसबिरी, प्लास्टिकची तोरणं, साठलेलं निर्माल्य भरलं. मग वाटलं, हे तरंगत किनाऱ्यावर आलं तर? मी दर रविवारी बघत होते ना, कसे देव वाळूत उलटे पडलेले असतात आणि त्यांच्यावर कुत्री झोपतात. आपल्या देवांचं तसं होऊ नये. म्हणून पाच-सहा तुटक्या फरशा आत घातल्या आणि नायलॉनच्या दोरीने तोंड घट्ट बांधलं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

वेसाव्याहून मढला जाणारी फेरीबोट खाडीच्या मध्यावर आली तेव्हा मी पिशवी सोडली. नमस्कार केला. शेजारच्या दोन-तीन बायकांनीही हात जोडले. पिशवी लगेच बुडाली, आणि मी मढला उतरून पुढच्या फेरीने परत आले.

दिवाळी झाली. फराळाचा वीट आला, घरात माशांची वाट बघणं सुरू झालं, आणि ही काही येईना. चार दिवस, आठ दिवस. फोन लागेना. लेक आणि नात रविवारी येणार होत्या, नातीला तळलेले बोंबील हवे होते. मी तिच्या काळजीने तिच्या घरी गेले असं मला लिहायला आवडलं असतं. मी बोंबलांसाठी गेले.

घर मला ठाऊक होतं, गावठाणातल्या गल्लीतून समुद्राकडे निघतं ते शेवटचं. मागच्या अंगणात पत्र्याखाली तिचा मुलगा जाळं पसरून बसला होता. तिशीचा बाप्या, एरवी हसून बोलणारा. त्याने मान वर केली नाही. जाळ्याला शेवटाकडे भगदाड पडलं होतं, माणूस आत शिरेल एवढं.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“व्हायचं काय? कचरा आला,” ती म्हणाली. “कचरा तर रोजच येतो गो, मासळी एक पाटी तर कचरा दोन. तो निवडायची सवय झालीय. पण हा जड. भरती-ओहोटीला घासत घासत खाडीच्या तोंडाशी आला आणि बसला जाळ्यात. वर खेचताना टराटरा फाटलं. वाट लागली बघ. धंद्याचे दिवस आणि बोट किनाऱ्याला.”

तिने मला बसायला खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत गेली. मी इकडे तिकडे बघत बसले. अंगणाच्या भिंतीला लागून एक लांब फळी टाकलेली होती आणि तिच्यावर देव मांडलेले होते. वीस तरी असतील. नाक गेलेले गणपती, काच फुटलेली लक्ष्मी, रंग धुऊन गेलेले, कोण ते न ओळखू येणारे. जाळ्यात आलेला देव परत पाण्यात टाकायचा नाही, असं त्यांच्या घरात आहे. गोड्या पाण्याने धुवायचा आणि फळीवर ठेवायचा. प्रत्येकासमोर झेंडूचं एक एक फूल होतं.

डावीकडून तिसरी माझ्या वडिलांची देवी होती.

काच नव्हती, चौकटीचा एक कोपरा गेला होता, पण ती तीच होती. मी उठले, आजूबाजूला बघितलं, आणि तसबीर जराशी पुढे ओढून मागे पाहिलं. निळी शाई पसरली होती. खोलीचा नंबर वाचता येत होता. फळीखाली कचऱ्याचा ढीग होता, त्यात माझी बासमतीची पिशवी आणि हिरवट फरशांचे तुकडे, मधलं पांढरं फूल अगदी स्वच्छ दिसणारं. मी पटकन येऊन खुर्चीवर बसले.

ती चहा घेऊन आली. तिच्यामागे दार उघडं राहिलं होतं आणि आत चुलीमागे मी दिलेल्या सहा फरशा दिसत होत्या. मी मनाशी म्हटलं, असल्या फरशा काय, अख्ख्या अंधेरीत असतील.

तिने फळीवरची ती तसबीर उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “बघ ना बाई. तू शिकलेली, तुला समजेल. कुठली देवी गो ही?”

मुलाचा हात जाळ्यावर थांबला होता. तोही बघत होता. त्या क्षणी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. मी देवीच्या बुरशी धरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “काय माहीत. कोकणातली दिसते.” आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण माझी जीभ. मी पुढे म्हणाले, “लोकांना लाज नसते. देवाला सुद्धा फेकून देतात.”

“हो ना,” ती म्हणाली, आणि तसबीर परत जागेवर नेऊन ठेवली.

मी चहा संपवला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की त्यांचं जाळं फाटलंय, म्हणून ती येत नाही. त्या रविवारी मी किनाऱ्यावर गेले नाही. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, बाई आज कुठे? मी लिहिलं, कंबर दुखतेय. नात आली, बोंबील नाहीत म्हणून रुसली, आणि मी तिच्यावर उगाचच ओरडले. मला झोप येत होती, जेवण जात होतं, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. फक्त एकटी असले की तोंड लपवावंसं वाटायचं.

पंधरा दिवसांनी ती आली. पाटी उतरवली, पाणी मागितलं. मी तांब्या दिला आणि ती पीत असतानाच म्हणाले, “ती पिशवी माझी होती.”

तिने तांब्या खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं. “म्हायत हाय.”

“कधीपासून?”

“पिशवी फोडली तेव्हापासून. फरशी ओळखत नाय काय मी? रोज तिच्याम्होरं रांधते. पोराचं कुठं चुलीकडं लक्ष असतं.” तिने बोंबील निवडायला घेतले. “पोरगा पेटला होता. बोलला, कुणाची ते कळू दे, बिल्डिंगच्या दारात नेऊन ओततो सगळं. मी बोलले, मढच्या बाजूची असेल, कुणाची काय सांगावं. देवी तुझ्या मांडीवर ठेवली ना, तेव्हा तुझ्या तोंडाकडं बघत होते. वाटलं, बोलशील.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यासाठी ती पोटच्या मुलाशी खोटं बोलली होती, आणि मी तिच्याच अंगणात बसून, तिचाच चहा पीत लोकांची लाज काढली होती. मी म्हणाले, जाळ्याचं काय ते मी भरून देते.

“जाळं शिवून झालं,” ती म्हणाली.

तिने बोंबलांची डोकी उडवली, पोटं साफ केली. कोयत्याखाली घातलेला कागद गोळा करून स्वतःच्या पाटीत ठेवला. मी दाराची चौकट धरून उभी होते. शेवटी धीर करून विचारलं, “वडिलांची देवी तेवढी परत देशील? मी न्यायला येते. घरात ठेवीन.”

ती उठली, पाटी डोक्यावर घेतली. आवाजात राग नव्हता.

“कशाला, बाई? पुढच्या वेळी घर करशील तेव्हा परत टाकशील.”

नाही टाकणार, म्हणायला मी तोंड उघडलं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली, आणि मग जिना उतरून गेली.