मागच्या सीटवर बसणारा युसूफ

युसूफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका परदेशी बनावटीच्या मोठ्या गाडीखाली आडवा पडलो होतो. फोन लातूरहून होता, माझ्या मेव्हण्याचा, सतीशचा. तो म्हणाला, “भाऊजी, युसूफभाई गेले. सकाळी गॅरेज उघडलं, खुर्चीत बसले, आन् बसूनच राहिले.” मी गाडीखालून बाहेर आलो नाही. तसाच पडून राहिलो, वर बघत… आणि माझ्या मनात जो पहिला विचार आला तो असा, की आता देगलूरच्या डॉक्टर मॅडमची गाडी माझ्याकडं येईल. माझ्या जुन्या दोस्ताचं शरीर तिकडं अजून गार झालं नसेल, आणि इकडं मी त्याचं गिऱ्हाईक मोजायला लागलो होतो. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्याच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, ते बोलतीलच. मला जे सांगायचं आहे ते माझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही, कारण त्याचा हेवा माझ्याइतका कुणीच केलेला नाही.

आम्ही दोघं नांदेडला एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झालो. मी हिमायतनगरचा. वडील एसटीत चालक होते. त्यांच्या शेजारी इंजिनाच्या तापलेल्या झाकणाजवळ बसून मी वळणं बघत लहानाचा मोठा झालो. गाडी म्हणजे जी वळणात रस्ता सोडत नाही, हातातल्या चाकाचं लगेच ऐकते, ती; हे माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं. युसूफ रेणापूरचा. त्याचे वडील पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरायचे. उस्तादाकडं पहिल्या आठवड्यात मी त्याला विचारलं होतं की गादीवाल्याच्या पोराला गाड्यांचं वेड कसं लागलं. तो म्हणाला, “दोन्ही एकच काम हाय की. लई मऊ गादी भरली तर पाठ दुखते, लई घट्ट भरली तरी दुखते. गादी बसली पाहिजे आन् उठली बी पाहिजे.” मी हसलो होतो. पुढं पंचवीस वर्षं हे एकच वाक्य मला त्रास देणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

उस्ताद वारले तसे आम्ही वेगळे झालो. मी नांदेडला लातूर फाट्याजवळ गॅरेज टाकलं, युसूफनं लातूरला रेणापूर नाक्याकडं. सुरुवातीला दोघंही मिळेल ते काम करायचो. मग आमच्या भागात पैसा आला. डॉक्टर, बिल्डर, खताचे व्यापारी, शिकवण्यांचे मालक अशा लोकांनी मोठमोठ्या महागड्या गाड्या घेतल्या. उंच, जड, आत चामड्याच्या सीटा, एक बटण दाबलं की मऊ, दुसरं दाबलं की कडक. या गाड्यांचे धक्के झेलणारे शॉकअप, स्प्रिंगा, रबरी बुश आणि हवेचे फुगे आपल्याकडच्या रस्त्यांवर लवकर जायचे, आणि मोठ्या शहरातलं शोरूम लांब. म्हणून हे काम आम्हा दोघांकडं आलं. मी गाडी घट्ट करून द्यायचो. उंची थोडी कमी, टायर रुंद, वळणात गाडी झुकली नाही पाहिजे. माझ्या हातची गाडी चालवताना माणूस दहा वर्षांनी तरुण होतो, असं माझे गिऱ्हाईक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. युसूफचं सगळं उलटं. तो टायरमधली हवा कमी-जास्त करत बसायचा, कंपनीचेच टायर ठेवायला सांगायचा, बुश बदलून गाडी आठ-आठ दिवस अडकवून ठेवायचा. मंगळवारी देतो म्हणायचा आणि शनिवारी द्यायचा. बोलायचाही फार. तरी लोक त्याच्याकडंच जायचे. नांदेडचे लोक माझ्या पाटीवरून गाडी पुढं काढायचे, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचे. पाटीखाली उभा राहून मी त्या गाड्या ओळखायचो.

देगलूरच्या डॉक्टर मॅडम आधी माझ्या गिऱ्हाईक होत्या. त्या स्वतः गाडी चालवायच्या, चांगली चालवायच्या. मी त्यांची गाडी अशी काही घट्ट केली, की नरसीच्या पुढच्या वळणांवर त्यांना गंमत वाटायला लागली. त्यांनी फोन करून तसं सांगितलंही. दोन महिन्यांनी कळलं, की त्या उदगीरमार्गे लातूरला जाऊन युसूफकडून सगळं काम पुन्हा करून आल्या. मी फोन केला. त्या संकोचून म्हणाल्या, की त्यांची आई मागं बसते, तिच्या मणक्याला ते सोसत नव्हतं. मी म्हटलं, मला सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलंच नव्हतं.

ती गाडी पुढं एकदा पंक्चरसाठी माझ्याकडं आली, तेव्हा मी पंक्चर सोडून तिची खालची बाजूच तपासली. काय केलंय त्यानं? काही नाही. माझं निम्मं काम त्यानं काढून टाकलं होतं आणि उरलेलं सैल केलं होतं. मॅडमना सहज विचारावं तसं विचारलं, की युसूफभाई गाडी कशी तपासतात. त्या म्हणाल्या, “ते चालवतच नाहीत. मला चालवायला लावतात आणि स्वतः मागं बसतात.” मी आयुष्यात एकही गाडी मागं बसून तपासली नव्हती. हे ऐकल्यावरही मी मागं बसलो नाही. त्याच्याकडून शिकायचं म्हणजे त्याला मोठं म्हणायचं.

मग मी बोलायला लागलो. युसूफच्या गाड्या होडीसारख्या डुलतात, कधीतरी उलटतील, असं मी आल्यागेल्याला सांगायचो. आणि एकदा तसं जवळजवळ घडलं. अहमदपूरच्या एका सिमेंटवाल्याची गाडी, युसूफच्या हातची, समोर म्हशी आल्या म्हणून एकदम वळवली. ती इतकी झुकली की मालकाच्या हातून सुटली आणि रस्ता सोडून शेतात जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही. पण बातमी कळली त्या दिवशी मी गॅरेजात सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात युसूफ एसटीनं नांदेडला आला. मला वाटलं, मी जे बोलून राहिलो ते त्याच्या कानावर गेलं, भांडायला आला. तो स्टुलावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, “सुधाकर, मला वळण धरता येत न्हाई. तुला येतं. सांग.” एवढंच. माझ्याकडं उत्तर पूर्ण होतं. दोन्ही चाकांना बांधणारा दांडा थोडा जाड घालायचा, हा त्यातला निम्मा भाग. नुसतं तेवढंच केलं तर गाडी वळणात झुकत नाही, पण एका चाकाखाली खड्डा आला की आतला माणूस डावी-उजवीकडं हेलकावतो. म्हणून दांडा फार जाड न करता शॉकअपची परत वर येण्याची चाल आवळायची, हा उरलेला निम्मा भाग. मी त्याला दांड्याचं सांगितलं. शॉकअपचं सांगितलं नाही. तो माझ्यासमोर बसला होता, माझ्या बोटांना ग्रीस होतं, आणि मी विचार करून, ठरवून सांगितलं नाही.

त्यानं आभार मानले, घरच्यांची चौकशी केली आणि गेला.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की आधी मला वाटलं घरात लग्न ठरलं. तो म्हणाला, की तू सांगितलं तेवढं केलं, पण मागचा माणूस हलायला लागला, मग रोज तेच करून राहिलो, आणि शेवटी सापडलं. “शॉकअप खाली जाताना ढिला ठेवायचा, वर येताना आवळायचा. गाडी बसते बी आन् उठते बी. तू बी करून पहा, तुझ्या गिऱ्हाइकाला फायदा हुईल.” मी हां हां म्हणत राहिलो. जे मी त्याच्यापासून लपवलं ते त्यानं स्वतः शोधलं आणि मलाच फुकट देऊन टाकलं. मी लपवलं होतं हे त्याला कळलं होतं का? मी हा प्रश्न कितीदा तरी उलटापालटा केला आहे… कळलं असेल तर तो माझ्यापेक्षा फार मोठा माणूस होता, आणि कळलं नसेल तर मी फारच लहान. दोन्हीकडून मार मलाच.

त्यानंतर वर्षभरानं माझ्या बायकोच्या, कल्पनाच्या, पाठीचं ऑपरेशन लातूरला झालं. सतीश तिथं होता म्हणून तिथं. घरी नेताना डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका असं बजावलं. माझी गाडी माझ्यासारखीच, घट्ट. मी अ‍ॅम्ब्युलन्सची चौकशी करत होतो तेवढ्यात दवाखान्याच्या दारात युसूफ एका गिऱ्हाइकाची मोठी गाडी मागून घेऊन हजर. सतीशनं त्याला सांगितलं होतं. मागची सीट मागं टेकवली, कल्पनाच्या कमरेखाली घरून आणलेली पातळ गादी घातली आणि स्वतः स्टेअरिंगवर बसला. मी त्याच्या शेजारी.

चाकूर यायच्या आत कल्पना झोपली.

आमच्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. माझ्या गाडीत ती कधी झोपली नव्हती. तुळजापूर, पुणे, हैदराबाद, कुठंही. मी समजत होतो तिला रस्ता बघायला आवडतं. आरशात तिचा चेहरा दिसत होता, तोंड थोडं उघडं, अगदी लहान पोरीसारखी. युसूफनं आरशात पाहिलं आणि हळूच म्हणाला, “गेली.” गाडीत कुणाला झोप लागली की तो असंच म्हणायचा, आणि त्याला त्याचा चांगलाच गर्व होता. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी कधी कुणापुढं कबूल केलं नव्हतं. मला वाटलं, ती उठावी. एखादा खड्डा यावा. ऑपरेशन झालेली बायको, आणि मी खड्ड्याची वाट बघत होतो. खड्डे आलेही, लोह्याच्या अलीकडं बरेच होते. ती उठली नाही. मी युसूफला म्हटलं, फार हळू चालवतोस. तो म्हणाला, “हाव, हळू हाय.”

घरी पलंगावर पडल्यावर कल्पना म्हणाली, “तुम्ही चालवता तेव्हा मला पण तुमच्यासोबत चालवावं लागतं. आज नाही चालवावं लागलं.” यात तक्रार नव्हती. तिनं सहज सांगितलं आणि औषध मागितलं.

आमची शेवटची भेट मागच्या हिवाळ्यातली. सतीशकडं गेलो होतो. युसूफ म्हणाला, तुझ्या गाडीत बसव एकदा. औशाच्या रस्त्याला मी त्याला माझ्या पद्धतीनं फिरवलं. मोकळा रस्ता, लांब वळणं, आणि गाडी जणू डांबराला चिकटलेली. त्याला घाबरवायचा माझा विचार होता. तो पोरासारखा हसत होता. उतरल्यावर बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, की लई भारी धरते, असा हात मला या जन्मी यायचा न्हाई. त्यानं ते मनापासून म्हटलं. इतकं मोकळं कौतुक मी त्याच्या कामाचं एकदाही केलं नव्हतं, आणि त्या दिवशीही केलं नाही. परतताना हेवा वाटला तो त्याच्या कामाचा नव्हता. दुसऱ्याला चांगलं म्हणताना ज्याचं काहीच कमी होत नाही, अशा माणसाचा होता.

त्याच्या मातीला गेलो तेव्हा कब्रस्तानाच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या हातच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांचे मालक रुमाल डोक्याला बांधून आत मूठमूठ माती टाकायला रांगेत होते. मीही टाकली. बाहेर येताना मनात आलं, की मी गेल्यावर इतक्या येतील का… आलं खरं, आता ते काढून कुठं टाकू.

गेल्या आठवड्यात देगलूरच्या मॅडम आल्या. मागे त्यांच्या आई, अम्मा, बसलेल्या. मॅडम म्हणाल्या, की आता तुम्हीच बघा, पण आहे तशीच राहू द्या. पुढचा एक शॉकअप गळत होता. मी तो बदलला, चाल आवळली, टायरची हवा तीनदा बघितली. मग आयुष्यात पहिल्यांदा मॅडमना चालवायला सांगितलं आणि मागचा दरवाजा उघडून अम्मांच्या शेजारी बसलो.

तिथून गाडी वेगळीच असते. स्टेअरिंग हातात नसतं, ब्रेक कधी लागणार ते माहीत नसतं, वळण अंगावर येतं. नायगावच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक गतिरोधकानंतर मी विचारत होतो, अम्मा, बरं वाटतं का, पाठीला लागतंय का. त्या प्रत्येक वेळी बरंय म्हणत होत्या. मला समाधान वाटायला लागलं. खरं सांगायचं तर समाधानापेक्षा जिंकल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, युसूफभाई पण असंच विचारायचे का?

अम्मा तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “न्हाई बाबा. त्यांनी इचारत नव्हते. इचारलं तर माणूस बरंच म्हणतो. त्यांनी माझा हात बघत होते.”

मी बघितलं. त्यांचा डावा हात दाराच्या वरच्या, आधाराला धरायच्या कडीला होता. सुरकुतलेली बोटं कडीभोवती आवळलेली, हाडं वर आलेली. नांदेड सोडल्यापासून तो हात तिथंच असणार. मी शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

मी मॅडमना गाडी वळवून गॅरेजला घ्यायला सांगितलं. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काम राहिलंय.