मी न वाचलेला परिच्छेद

महिन्यापूर्वी सकाळी पुतण्याचा फोन आला, "काकू, बाबा गेले..." मुलांनो, तुम्ही ज्यांना भाऊआजोबा म्हणता, ते माझे धाकटे दीर प्रभाकर. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची आणि ते कॉम्प्युटरची खोली सांभाळायचे. सी भाषा त्यांच्या हातात बसलेली, इंग्रजी मात्र जड जाई. म्हणून माहितीपुस्तिका मी मोठ्याने वाचून अर्थ सांगायची आणि प्रोग्रॅम ते लिहायचे.

कॉलेजातले दोन कॉम्प्युटर एकत्र करायचं काम निघालं, तेव्हाची गोष्ट. ज्या फोल्डरांना मालक उरला नव्हता, ते पुसायचे होते. त्यासाठी सीमध्ये तयार फंक्शन आहे, गेटपीडब्ल्यूयूआयडी. त्याला फोल्डरच्या मालकाचा नंबर द्यायचा. ते खात्यांच्या यादीत शोधून खातं कोणाचं ते सांगतं. सापडलं नाही, तर कोरं उत्तर. एवढं वाचून मी थांबले.

"वहिनी, पूरा वाचा ना. आगे काय लिहिलंय?"

"पुढे तेच ते आहे हो, भाऊजी. चहा गार होतोय."

पुढे तेच ते नव्हतं. यादीची फाइलच उघडली नाही, तरी उत्तर कोरंच येतं. म्हणून विचारण्याआधी चूक नोंदवणारा आकडा शून्य करा आणि नंतर तो तपासा, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. प्रोग्रॅम चालला, मध्येच ती फाइल उघडेनाशी झाली आणि चालू खात्यांचे फोल्डर बेवारस ठरून पुसले गेले. बहुतेक सगळं टेपवर ठेवलेल्या प्रतींवरून परत मिळालं. निंबोल्याहून बसने येणाऱ्या सुनंदाचं परीक्षेचं प्रोजेक्ट मात्र त्याच आठवड्यातलं, टेपवर नव्हतंच. जमा करायला पाच दिवस उरले होते.

प्राचार्यांसमोर मी तोंड उघडणार, तोच भाऊजी म्हणाले, "चूक माझी आहे, सर. मीच तपासलं नाही." पाचही दिवस ते सुनंदाशेजारी बसले आणि तिच्या वहीतल्या कच्च्या टिपणांवरून सगळं पुन्हा उभं केलं. प्रोजेक्ट वेळेत जमा झालं. मी दोघांचे डबे पोचवले, पण बोलले नाही... पुढेही कधी नाही.

तेराव्याला सुनंदा आली. आता ती स्वतः सी शिकवते. भाऊजींच्या खोलीत बसून मी तिला सगळं सांगितलं.

"काय सांगता मॅडम! सर तर म्हणायचे, वाचावं तर आमच्या वहिनींनी, एक ओळ सुटत नाही."

मी तो न वाचलेला परिच्छेद तिला शब्दन् शब्द सांगितला. ते ऐकून ती म्हणाली, "हे फंक्शन शिकवताना मी दरवर्षी सरांच्या चुकीचं उदाहरण देते. आता काय सांगू?"

"जे झालं ते सांग," मी म्हणाले. "माझ्या नावासकट."