पांगाऱ्याचे काटे आणि क्रोमची टाकी

६ फेब्रुवारी १९८१. दुपारी विहिरीजवळच्या दगडावर मी ह्यांचे कामाचे कपडे घासत होते. कितीही खळबळले तरी पाणी पिवळंच उतरत होतं.

हे वसई पूर्वेच्या एका कारखान्यात नळांवर क्रोमचा मुलामा चढवायचे. तारेला अडकवलेले नळ टाकीत सोडायचे आणि काढायचे. टाकीवर सतत वाफ. पाळीवर जाण्याआधी मात्र हे आमच्या पानवेलींची वाडी करत. आमच्याकडे वेली पांगाऱ्यावर चढवतात आणि पांगाऱ्याला काटे असतात. फांद्या छाटताना हात ओरबाडले तर वाडीतला माणूस त्याकडे बघतसुद्धा नाही.

त्या ओरखड्यांची आता छिद्रं होत होती. गोल, खोल, डाळीच्या दाण्याएवढी. दुखत नसत, म्हणून हे डॉक्टरकडे जात नसत. सासूबाई रिवाजाप्रमाणे त्यात हळद-चुना भरत.

घरातून करपल्याचा वास आला. मी ओरडले, "अहो, बोंबील जळले! वास येत नाही का?"

चुलीसमोरच बसलेले हे म्हणाले, "कसला वास?"

मी कपडे तसेच टाकले आणि ह्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारली. "मधल्या पडद्याला भोक पडलंय."

"म्हणजे हिची नथ मला चालेल," हे हसले. डॉक्टर हसले नाहीत.

त्यांनी समजावलं ते असं. वाफ नाकातला पडदा खाते, मग छातीत उतरते. कातडीवर ओरखडा असला की तिथून टाकीतलं रसायन थेट आत शिरतं, मांस खातं, रक्तात जातं. रक्त ते मूत्रपिंडाकडे नेतं. "हातांवर एवढे ओरखडे कशाचे?"

"पांगाऱ्याचे," मी म्हटलं.

"कारखाना सोडा."

"विहीर खारी होत चाललीय, डॉक्टर," हे म्हणाले. "वेली पिवळ्या पडतात. पगारावरच चूल पेटते."

"हातमोजे?"

"देतात, पण फाटके. आत पाणी शिरलं की दिवसभर हात त्यातच."

डॉक्टर म्हणाले, "मग निदान ताजे ओरखडे तरी पडू देऊ नका. आणि जखमेत चुना नको."

वाटेत मी भांडले. दुसरीकडे काम बघा म्हटलं.

"कुठे बघू? रंगाच्या कारखान्यात? तिथली माणसं निळी होऊन घरी येतात."

छातीत गेलेली वाफ मी बाहेर काढू शकत नव्हते. नाकाचा पडदा शिवू शकत नव्हते. ज्या कारखान्याने माणूस पोखरला तो सोडता येत नव्हता, आणि आमच्या हातात थांबवण्यासारखं काय होतं, तर आमच्याच वाडीतले ओरखडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पदर खोचला, ह्यांच्या हातातून कोयता घेतला आणि पांगाऱ्याला शिडी लावली.

"बाईमाणूस झाडावर चढणार?" सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"मग तुम्ही चढता?"

हे खाली हात मागे बांधून उभे राहिले. "ती नको, डावीकडची तोड. वेलीला धक्का लावू नकोस." पहिला काटा माझ्या अंगठ्यात गेला तेव्हा ह्यांनी शिडीकडे हात नेला.

"मागे व्हा," मी म्हटलं.

मग पाळीची वेळ झाली. सायकल काढून हे कारखान्याकडे गेले. मी शिडी उचलून पुढच्या झाडाला लावली.