पहिल्या तीन सामन्यांचा परशुराम

परशुराम गेला त्याला आता तीन महिने होतील. आमच्या मराठी मंडळाने त्याच्या आठवणीत स्मरणिका काढायचं ठरवलं आणि ‘क्रीडाप्रेमी परशुराम’ या नावाखाली दोन पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं, कारण आमच्या गुडलँड्स गावात शुद्ध मराठी लिहिणारा मास्तर मी एकटाच उरलो आहे. ती दोन पानं मी लिहून दिली. त्यांत सगळं गोड गोड आहे. हे जे लिहितो आहे ते मंडळासाठी नाही.

क्रीडाप्रेमी म्हणे. या माणसाने जन्मात कधी बास्केटबॉलला हात लावला नव्हता. त्याला धावताना कुणी पाहिलं नव्हतं, अगदी बस सुटत असतानाही नाही, कारण बस सोडणारा तोच होता. गुडलँड्सच्या बसथांब्यावर तो टाइमकीपर. पत्र्याची एक खोली, गळ्यात शिट्टी, भिंतीला काळा फळा आणि त्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या बसच्या वेळा. एवढ्या राज्यावर त्याने पंचवीस वर्षं काढली, आणि मान अशी ताठ ठेवली की पाहणाऱ्याला वाटावं, बेटावरच्या सगळ्या गाड्या याच्याच शिट्टीवर चालतात.

त्या फळ्याचा उजवा कोपरा मात्र बसचा नव्हता. तिथे बास्केटबॉलचे निकाल असत. मोठ्या सरकारी कॉलेजांचे नव्हेत, ते पेपरात येत. आमच्यासारख्या लहान, खासगी कॉलेजांचे; कॉलेज म्हणजे इथे हायस्कूलच. आमच्या कॉलेजचं मैदान म्हणजे सिमेंटचं अंगण, एका बाजूला वाकडी रिंग आणि दुसऱ्या बाजूला ऊस. चेंडू उसात गेला की खेळ थांबायचा आणि दोघं जण पानं बाजूला सारत तो शोधायला जायचे. अशा सामन्यांची बातमी कोण छापणार? म्हणून परशुरामाने कंडक्टर लोक धरले होते. पोर्ट लुईसहून येणाऱ्या बसचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर आकडे लिहून आणायचा, खिडकीतून हात बाहेर काढून परशुरामाला द्यायचा, आणि मगच उतारू उतरायचे. डोक्यावर भाजीची टोपली घेतलेल्या बायाही तोवर दारात खोळंबून राहत.

मग चर्चा. समोरच्या दुकानातून हरिलाल शिंपी मापाची टेप गळ्यात घालूनच यायचा. मी शाळा सुटल्यावर आणि संध्याकाळच्या मराठीच्या वर्गाआधी तिथे बसायचो. आणखी पाचसहा जण असत. कोणी पाहिलेला नाही असा सामना आम्ही तासभर खेळत असू. डावीकडून चेंडू द्यायला हवा होता, उंच पोराला मागे ठेवायला हवं होतं, पंच त्यांचाच माणूस असणार. तिकिटाच्या पाठीवर दोन आकडे असत, बाकीचं आम्ही पदरचं घालत होतो.

परशुरामाचा एक सिद्धांत होता. पहिल्या तीन सामन्यांत सगळं कळतं. हंगाम बारा सामन्यांचा असे, पण तिसऱ्यानंतर त्याचा निकाल लागलेला असायचा: यंदा जिंकणार किंवा यंदा बुडणार. पुढचे नऊ सामने उलटे गेले तर तो म्हणायचा, संघ बदलला. एकदाही मी चुकलो असं म्हणाला नाही. आणि आम्ही, मी धरून, दर मार्चमध्ये तोंड उघडं टाकून त्याचं ऐकत बसायचो.

एकोणऐंशी साली आमच्या कॉलेजात इंद्रजीत आला. प्लेन दे पपाय गावचा पोरगा, चोवीस वर्षांचा, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. खेळाचा शिक्षक म्हणून त्याला मार्चअखेरपर्यंत तात्पुरतं घेतलं होतं. संघ बरा खेळला तर कायम करू, असं कॉलेजच्या मॅनेजरने सांगितलेलं. त्याला कायम व्हायचं होतं, कारण हरिलालची मुलगी चंद्रावती त्याला सांगून आली होती आणि हरिलालने अट घातली होती की आधी पक्की नोकरी. ही गोष्ट बसथांब्यावर सगळ्यांना ठाऊक होती. त्या पोराने पहिल्याच आठवड्यात वाकडी रिंग स्वतः शिडी लावून सरळ केली.

आता कांवरीचं सांगतो. महाशिवरात्रीला आमच्या बेटावरची माणसं पांढरे कपडे घालून गंगा तलावाला चालत जातात आणि पाणी घेऊन चालत परत येतात. खांद्यावर कांवर असते, बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद आणि आरसे. उत्तरेकडून जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. भोजपुरी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या कांवरी दरवर्षी मोठ्या होत चालल्या होत्या आणि ते परशुरामाच्या डोळ्यांत खुपत होतं. त्या वर्षी त्याने ठरवलं की मराठ्यांची कांवर सगळ्यांत उंच दिसली पाहिजे. उंच बांधली तर ती सांभाळायला माणसंही उंच हवीत. गावात उंच पोरं कोण? बास्केटबॉलची. परशुरामाने संघातली पाच पोरं नावं घेऊन निवडली. पोरं बिचारी हुरळली. त्यांच्या आयांनी उपासतापास धरून घरात मासमच्छी बंद केली.

पहिला सामना शिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी होता, बो बासेंच्या कॉलेजशी. इंद्रजीत बसथांब्यावर आला तेव्हा मी तिथेच होतो. चप्पल बाहेर काढून तो पत्र्याच्या खोलीत गेला, जणू देवळात जातो आहे.

“काका, पाच पोरं लॉरीत जाऊ दे. पूजा करतील, पाणी घेतील, सगळं करतील. फक्त चालणं नको. बुधवारी माच हाय.”

परशुरामाने आधी एक बस सोडली. शिट्टी वाजवली, फळ्यावर वेळ लिहिली, हात झटकले.

“देवाकडं लॉरीतनं जायचं? तुझ्या चेंडूसाठी?” तो म्हणाला. “मो दीर त्वा, सांगून ठेवतो तुला, इंद्रजीत, हे पुन्हा बोलू नको. लोकांनी ऐकलं तर तुझंच वाईट होईल.”

इंद्रजीतने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर, चार लोक माझं ऐकत. लहान पोरांना कोणी लॉरीतून नेतं, म्हाताऱ्यांना नेतं, त्यात पाप नाही, एवढं मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. मला वाटलं, उगाच धर्माच्या गोष्टीत कशाला पडा.

कांवर निघाली. खरंच उंच होती, वाटेतले लोक थांबून बघत. बो बासेंवरून जाताना परशुरामाने मुद्दाम ती त्या दुसऱ्या कॉलेजच्या फाटकासमोर पाच मिनिटं उभी करवली. स्वतः पुढे छत्री घेऊन चालत होता, अधूनमधून शिट्टी वाजवत. पण पुढे चढ सुरू झाला की तो जेवणाच्या लॉरीत बसायचा, भांडी नीट आहेत का ते बघायला. भांडी तळ्यापर्यंत बघत गेला. परतीच्या वाटेवर पावसाने कागद भिजला, सांगाडा दुप्पट जड झाला, तरी खाली टेकवायची नाही असा त्याचा हुकूम, कारण मागून दुसऱ्यांची कांवर येत होती.

गावी पोचल्यावर देवळाच्या नळाशी मी त्या पोरांचे पाय पाहिले. लक्ष्मण नावाचा सगळ्यांत उंच पोरगा होता, त्याच्या टाचेची कातडी चपलेला चिकटून आली होती. खांद्यांवर बांबूचे काळे वळ. इंद्रजीत गुडघ्यांवर बसून एकेकाचे पाय आयोडीनने पुसत होता. परशुराम तिकडे प्रसाद वाटत होता आणि सांगत होता की यंदा मराठ्यांचं नाव झालं.

बुधवारी तिकिटावर आकडे आले: एकोणीस, बावन्न. आम्ही हरलो. परशुरामाने खडू मोडेपर्यंत दाबून ते फळ्यावर लिहिलं.

चर्चा अशी झाली. पोरं धावत नाहीत, म्हणजे कोचला जरब नाही. पोरं उडी मारत नाहीत, म्हणजे कोचला तंत्र माहीत नाही. लक्ष्मण अर्ध्यावर खाली बसला, म्हणजे कोचने त्याला डोक्यावर चढवून ठेवलंय. हे सगळं परशुराम बोलत होता, ज्याने आठ दिवसांपूर्वी त्याच लक्ष्मणाच्या खांद्यावर बांबू ठेवला होता. तो खोटं बोलत होता असंही नाही. खोटं बोलायला आधी खरं डोक्यात यावं लागतं. त्याच्या डोक्यात ते आलंच नाही. कांवर म्हणजे पुण्य आणि हार म्हणजे कोच, या दोन गोष्टी त्याच्या लेखी दोन वेगळ्या बसने येत होत्या.

आणि बाकीचे? आम्ही सगळे त्याच वाटेवर होतो, आम्हीही ते पाय पाहिले होते. माना डोलावल्या. दुसरा सामना गेला. तिसरा गेला, तो मात्र चारच गुणांनी, पोरं हळूहळू चालायला लागली होती. पण तीन झाले होते. परशुरामाचा सिद्धांत पुरा झाला.

तो म्हणाला, मॅनेजरला पत्र द्यायचं, हा माणूस बदला. पत्र कोण लिहिणार? मास्तर. माझं अक्षर चांगलं. मी लिहिलं, फ्रेंचमध्ये, सुरेख वळणदार. हरिलालने दुसऱ्या नंबरवर सही केली. मी त्याला हळूच विचारलं की अरे, जावई व्हायचाय तो तुझा. तर म्हणाला, सही केली नाही तर लोक म्हणतील मी आपल्या माणसाची बाजू घेतो.

पत्र द्यायला परशुराम मलाही घेऊन गेला. मॅनेजर देवळाच्या कमिटीवर. त्याने इंद्रजीतला समोर बोलावलं आणि विचारलं, तीन सामने कसे हरलास?

“पोरं थकली होती,” इंद्रजीत म्हणाला.

“कशानं थकली?”

खोलीत परशुराम, मॅनेजर आणि मी. इंद्रजीतला उत्तर माहीत होतं, ते तोंडातून निघालं असतं तर तो देवाधर्माला दोष देणारा ठरला असता, आणि प्लेन दे पपायला त्याच्या आईला नळावर कोणी पाणी भरू दिलं नसतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्यांदा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर स्वित्झर्लंडचा बर्फ होता.

इंद्रजीतला काढलं. पोरांचे पाय तोवर भरून आले होते. उरलेल्या नऊ सामन्यांतले सात आम्ही जिंकलो, इंद्रजीतने शिकवलेल्याच खेळाने, कारण दुसरा कोच जूनपर्यंत मिळालाच नाही. फळ्यावर आकडे चढत गेले तसा परशुराम फुगत गेला. बघा, म्हणायचा, वेळेवर माणूस काढला म्हणून संघ वाचला. वर्षअखेर मंडळाने त्याला शाल दिली. तेव्हाचं भाषणही मीच लिहिलं. चंद्रावतीचं लग्न डिसेंबरात दुसरीकडे झालं, पोस्टातल्या एका माणसाशी. हरिलाल म्हणाला, बिननोकरीच्या पोराला मुलगी कशी देऊ?

नोकरी इंद्रजीतला मिळाली, पण पुढच्या जानेवारीत. पोर्ट लुईसच्या बसवर कंडक्टर. त्या काळी शिकलेल्या पोरांना एवढं मिळालं तरी घरी नारळ फोडत.

त्या वर्षीही कांवर निघाली, आदल्या वर्षीपेक्षा हातभर उंच. पोरं तीच, बास्केटबॉलची. पहिला सामना शिवरात्रीनंतर चौथ्या दिवशी. आम्ही थांब्यावर बसलो होतो. बस आली, खिडकीतून तिकीट बाहेर आलं, आणि ते देणारा हात इंद्रजीतचा होता. बावीस, पन्नास. परशुरामाने ते फळ्यावर लिहिलं आणि इंद्रजीतच्या देखतच सुरू झाला. नव्या कोचला जरब नाही. पोरं धावत नाहीत. यंदा तीनची वाट बघायची गरजच नाही, पत्र आजच जाऊ दे. मास्तर, कागद काढा.

इंद्रजीत बसच्या पायरीवर उभा होता, गळ्यात चामड्याची पिशवी. उतारू उतरून गेले होते. तो आता कोणाचाच कोच नव्हता, त्याचं काही जाणार नव्हतं. त्याला हवं ते बोलता आलं असतं. तो परशुरामाशी बोललाच नाही.

“मास्तर,” तो म्हणाला, “लक्ष्मणचा पाय ह्या वर्षी पण तुम्ही बघितला ना?”

मी म्हणालो, बघितला.

“बोन, ठीक हाय,” तो म्हणाला. “मग लिवा.”

परशुरामाने शिट्टी वाजवली आणि बस निघून गेली.

त्यानंतर परशुराम सहा वर्षं जगला. सुखाने जगला, झोपेत गेला, त्याच्या प्रेताबरोबर तीन बसभर माणसं होती. त्याला आयुष्यात कधी काही कळलं नाही, आणि ज्याला कळत नाही त्याच्यावर किती थुंकणार? मी मात्र सगळं पाहिलं होतं, दोन्ही वर्षं, नळापाशी उभा राहून. त्या दिवशी बस गेल्यावर मी पिशवीतून कागद काढला. फार वेळ लागला नाही. आदल्या वर्षीच्या पत्राची नक्कल माझ्याकडे होती, त्यात फक्त कोचचं नाव बदलायचं होतं.