चार पातेली

तो बोरीवलीचा फ्लॅट आठवला की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, बायको म्हणते, सोडा हो आता. नाही सुटत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरण्यांचा संप होऊन गेला होता. मी बोरीवली भागातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. एका गुरुवारी सकाळी कोकणातली एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. नवरा गिरणीतला, संपानंतर घरी बसलेला. दोघांनी लालबागची खोली सोडून एका एजंटमार्फत आमच्या हद्दीत फ्लॅट घेतला होता. टेम्पोत सामान भरून आले, तर किल्ली चालेना. कुलूपच बदललेलं. एजंट म्हणे, सोसायटीची परवानगी यायचीय, पुढच्या आठवड्यात या.

"सायबानू, जुनी खोली गेली, नव्या घराक कुलूप. पोरांक घेवन आमी खंय जावचा?"

मी तिची पावती वरवर पाहिली. "बाई, हा दिवाणी मामला आहे. वकिलाकडे जा." आणि पुढच्या माणसाला बोलावलं. स्टेशन डायरीत एक ओळसुद्धा लिहिली नाही. हे वाक्य तेव्हा आम्हा सगळ्यांच्या तोंडात बसलं होतं. ते म्हटलं की टेबल रिकामं व्हायचं.

पुढच्या मंगळवारी एक गुजराती बेन आल्या. जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हसू नका हं. आमच्या बाजूच्या बंद फ्लॅटमध्ये चार महिन्यांत चार वेळा दूध उतू घालवलं. दर वेळी वेगळी फॅमिली, दर वेळी मला पेढे. परवा रविवारी पण झालं. अहो, एका घरात किती जण राहायला येणार?"

मी पत्ता विचारला आणि ती पावती आठवली. गुरुवारच्या बाईचाच फ्लॅट.

दोन पंच घेऊन गेलो, कुलूप तोडलं, पंचनामा केला. आत सामान काही नाही. ओट्यावर करपलेल्या दुधाचे डाग, भिंतीवर कुंकवाची स्वस्तिकं, एकाशेजारी एक. माळ्यावर चार स्टीलची पातेली होती. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, तशी चारही पातेल्यांवर वेगवेगळी नावं होती.

मग सगळा डाव लक्षात आला. तो एजंट गिऱ्हाइकाला म्हणायचा, कागद होत राहतील, आधी मुहूर्त साधा. किल्ली द्यायचा, पण ती चालायची एका सकाळपुरतीच; मागाहून कुलूप बदलून टाकायचा. नव्या घरात दूध उतू गेलं की माणूस हरखतो, त्याला ते घर आपलं वाटायला लागतं. मग उरलेली सगळी रक्कम तिथल्या तिथे त्याच्या हातात. पातेलंही ठेवून घ्यायचा, "लगेच उचलू नका वहिनी, अपशकुन होतो" म्हणून. हलकट माणूस! लोकांच्या श्रद्धेवर पोट भरत होता.

त्याला उचलून आणला. सफारी घातलेला, तोंडात पान, घाबरण्याचं नाव नाही. म्हणतो कसा, "साहेब, पार्टीत आणि माझ्यात व्यवहार आहे. हा तर दिवाणी मामला." माझेच शब्द माझ्या तोंडावर! हात उठलाच होता. आमचे म्हातारे हवालदार मध्ये आले. "साहेब, आधी चहा घ्या."

चहा घेतला. मग चारही पातेली त्याच्यापुढे टेबलावर मांडली, नावं त्याच्याकडे करून. बेनना शेजारी बसवलं. त्या एकेक नाव वाचून कुठल्या घरचे पेढे कधी आले ते सांगत गेल्या. तिसऱ्या पातेल्याला त्यानं पान थुंकायला परवानगी मागितली. चौथ्याला सगळं कबूल केलं. फ्लॅटचा खरा मालक आखातात नोकरीला होता, आणि चांगला भाडेकरू बघ म्हणून किल्ली याच्याकडे ठेवून गेला होता. चारशेवीसचा गुन्हा लागला, पुढे शिक्षाही झाली. पण रक्कम त्यानं केव्हाच उडवली होती, आणि फ्लॅट मालकाचा मालकाकडे गेला. चारही कुटुंबं उघड्यावर आली.

वर्तमानपत्रात माझं कौतुक छापून आलं. ते कात्रण मी फाडून टाकलं. का, ते सांगतो.

मुद्देमाल ओळखायला चारही बायकांना ठाण्यात बोलावलं होतं. बाकावर बसून त्या आपापसांत बोलत होत्या. चौथी अगदी तरुण होती, कडेवर तान्हं मूल. तिनं कोकणातल्या बाईला विचारलं, "ताई, तुम्हाला कधी कळलं हो?"

"गुरुवारीच. त्याच दिवशी हय येवन गेलंय. सायब म्हणाले, वकिलाकडे जा."

तरुण बाईनं बोटावर दिवस मोजले. मग माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब," ती म्हणाली, "मी रविवारी दूध उकळलं हो."