धक्क्यावरच्या चपला

निवृत्त झाल्यापासून वडील रोज पहाटे गंगेवर फिरायला जात. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. पाणी नदीपात्रातल्या मारुतीच्या कमरेला लागलं की पूर आला, पायाशी उतरलं की गेला, एवढी त्यांची जलविद्या. नव्वदच्या दशकाअखेरीस आम्ही दोघं कोकणातल्या एका जुन्या बंदराच्या गावी गेलो, तेव्हा ती त्यांनी सोबत आणली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर त्यांचं अंथरूण रिकामं. बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. मी बंदराकडे निघालो. जकातीच्या पडक्या इमारतीवर 'ऐतिहासिक वारसा' असा फलक होता; त्यात वारशापेक्षा उद्घाटकांची नावं ठळक. एरवी मी तो चवीने वाचला असता.

धक्क्याच्या पायरीवर त्यांच्या चपला होत्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा जोडीने. खालच्या पायरीला पाणी लागलं होतं. काल संध्याकाळी तिथे चिखल होता आणि होड्या कलंडलेल्या होत्या.

जवळच एक बाई मासळी निवडत होती. तिला विचारलं.

"चष्मेवाले आजोबा? ते गेले बुरुजाकडं. पाणी नव्हतं तेव्हा."

"आणि आता?"

"आता भरती. मी हाक मारली होती. म्हणाले, पाणी उतरलंय बाई, आता कुठून येतंय."

बुरुज समोरच्या खडकावर होता. मधे वाळू असायला हवी होती, तिथे पाणी होतं. मी चपला एक पायरी वर ठेवल्या. त्याने काय होणार होतं कोण जाणे. तेवढ्यात बुरुजाआडून ते आले आणि शांतपणे पाण्यात उतरले. मी ओरडलो. वारा उलटा होता.

बाईने होडीतल्या माणसाला हाळी दिली, "अरे, त्या घाटावरच्या आजोबांना घेऊन ये. चालत निघालेत."

होडी पोचेपर्यंत पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. ते थांबले, आणि त्यांनी उजवा हात छातीवर दाबला. होडीत ओढून घेतलं तरी तो तसाच. धक्क्याला लागेस्तोवर तसाच. मला त्या हाताखेरीज काही दिसत नव्हतं.

"दुखतंय?" मी विचारलं.

"काय?" त्यांनी हात काढला. सदऱ्याच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी होती. "भिजतील म्हणून धरल्या होत्या."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "आता त्यातली एक यांना द्या," ती वडिलांना म्हणाली.